अव्वाची बोटं

सोलापूरच्या पूर्व भागात म्हाताऱ्या माणसाचं वय विचारलं, तर सालाऐवजी एखादा प्रसंग सांगायची रीत होती. अव्वा मार्शल लॉच्या सालची. म्हणजे 1930 ची. त्या मे महिन्यात सोलापूरकरांनी काही दिवस इंग्रजांचा अंमल झुगारून दिला, सरकारने लष्करी कायदा पुकारला, आणि पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या धामधुमीच्या वर्षी साखर पेठेतल्या एका पद्मशाली विणकराच्या घरी अव्वा जन्मली. महिना कुणी लिहून ठेवला नव्हता, तिथी तर नाहीच.

गोष्ट सुरू होते तेव्हा तिने पंच्याऐंशी ओलांडली होती. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती परत आपल्या पायांवर उभी राहिली नाही. स्मरण त्याआधीच विरत चाललं होतं. बाजारात मराठी आणि शेजारणींशी कन्नड बोलत आयुष्य काढलेली ही बाई आता फक्त तेलुगू बोलायची, तेही तुटक. दिवस मावळायला आला की दाराकडे बघून एकच प्रश्न: "वच्चिंडा?" आला का? तिचा नवरा जुन्या मिलमध्ये कामाला होता. मिल बंद पडून कित्येक दशकं लोटली, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली, पण अव्वाच्या डोक्यात पाळी सुटायची वेळ रोज होत होती.

सून खरं बोलणारी. ती सांगायची, "अत्तम्मा, मामा गेले की. किती वर्षं झाली." आणि अव्वा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हंबरडा फोडायची. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तेच. म्हातारी रोज नव्याने विधवा होत होती, आणि ते रोज आपल्याच तोंडून होतंय या विचाराने सून खंगत चालली होती.

या घराला मी दोष देणार नाही. अण्णांचे, म्हणजे अव्वाच्या मुलाचे, टॉवेलचे चार यंत्रमाग. वहिनींचे, म्हणजे त्या सुनेचे, गुडघे गेलेले. म्हातारी माणसं टाकली जातात ती निर्दयपणामुळे, असं आपण धरून चालतो. काही ठिकाणी तसं असतंही. त्यासाठी 2007 चा कायदा आहे. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे उभं करता येतं, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्चाचा हुकूम होऊ शकतो. पण जास्त घरं अण्णांच्या घरासारखी असतात. माया असते, पैसाही थोडाफार असतो, फक्त रात्री दोन वाजता आईला कूस कशी द्यायची ते कुणालाच येत नसतं. कायदा पैसे देववू शकतो, कूस द्यायला मात्र जागं माणूस लागतं.

म्हणून त्यांनी रात्रीसाठी बाई शोधली.

ती आली कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून. विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली ही दहा हजार घरांची वसाहत. तिचं नाव इथे नको. सोलापुरात अशा कितीतरी आहेत, आणि गोष्ट त्या सगळ्यांचीच आहे. वय पस्तिशीचं. नवरा यंत्रमागावर होता, तो गेला; मागे दोन मुली. लहानपणापासून विडी वळत आलेली. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणायची, पानं ओली करून ठेवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजाराच्या हिशेबाने मजुरी. वाकड्या, सैल विड्या तपासणीत बाजूला पडल्या की मेहनत पाण्यात. खोकला जडला तेव्हा डॉक्टरांनी काम बदलायला सांगितलं. शेजारीण म्हणाली, साखर पेठेत एका म्हातारीजवळ रात्री बसायचंय.

बसायचंय, एवढंच म्हणाली होती.

ती पैशासाठी गेली. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण सेवेच्या गोष्टींत बहुतेकदा आधी करुणा उमलते आणि मग माणूस कामाला लागतो. इथे तसं काही नव्हतं. थोरलीची कॉलेजची फी भरायची होती.

पहिल्या रात्री डायपर बदलताना तिने पदर नाकाला लावला. अव्वाने ते पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पोटच्या मुलाचं नाव जिला आठवत नव्हतं, तिची लाज मात्र शाबूत होती. रात्रभर अव्वाने तिच्याकडे पाहिलं नाही. सकाळी बस पकडताना तिने ठरवून टाकलं: महिना भरायचा, पगार घ्यायचा, पुन्हा इकडे यायचं नाही.

महिना भरायच्या आत सिस्टर आल्या. सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या, वयाने सत्तरीकडे झुकलेल्या. ऑपरेशननंतरची जखम बघायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी अव्वाला कुशीवर घेतलं, माकडहाडापाशी लाल झालेल्या जागेवर बोट दाबून धरलं आणि उचललं.

"बघ इकडे. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडायला पाहिजे. ही पडत नाही. म्हणजे आत सुरुवात झालीय."

तिने तेल चोळू का विचारलं. "अजिबात नाही. लाल जागा चोळायची नसते." मग सिस्टर तासभर बसल्या आणि एकेक गोष्ट करून दाखवली. दर दोन तासांनी कूस. पूर्ण आडवी नाही, किंचित तिरकी, पाठीला उशीचा टेकू देऊन, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी. पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी राहतील अशी. घास भरवताना आधी बसतं करायचं, हनुवटी जराशी खाली, आणि गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा घास नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. डाळ, दही, अंडं वाढवा. नुसत्या मलमाने कातडी धरत नाही. आणि म्हातारीला अंथरुणावरून कधीही ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलवटते. त्यांनी वहिनींकडून अव्वाचंच एक जुनं सुती लुगडं मागून घेतलं, चौपदरी घडी करून तिच्या अंगाखाली घातलं, आणि दोघींनी दोन्ही बाजूंनी लुगडं धरून तिला अलगद उचलून वर घेतलं. अव्वा कण्हली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

बसायचं काम म्हणून आलेल्या बाईला हे शिकायचं काम निघालं. आणि शिकायला ती कच्ची नव्हती. विडी वळणाऱ्या बाईला बोटाच्या टोकाला किती दाब लागतो, ते पुस्तकातून सांगावं लागत नाही. तिने फोनवर दर दोन तासांचे गजर लावले. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावरची लाली ओसरली. तिने बोट दाबून पाहिलं, जागा पांढरी पडली आणि परत भरली. त्या पहाटे अंधारात ती एकटीच हसली. तिने केलेलं काम आयुष्यात पहिल्यांदा असं होतं, जे कुणी तपासणीत बाजूला काढू शकणार नव्हतं.

महिना संपला. ती पगार घेऊन गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी परत आली.

आता अव्वाच्या बोटांची गोष्ट. तिची बोटं चादरीवर सारखी चालायची. काहीतरी चिमटीत धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. घरच्यांना वाटे, हा भ्रमाचाच भाग. चादरीचे धागे निघायला लागले तेव्हा वहिनींनी तिच्या हातांवर कापडी पिशव्या बांधून पाहिल्या. अव्वाने दातांनी त्या फाडल्या. संध्याकाळी दाराकडे बघणं सुरू झालं की बोटं आणखी वेगात चालत.

एका संध्याकाळी ती उशाशी गप्प बसून त्या हातांकडे बघत राहिली. डाव्या अंगठ्याने आणि बोटाने काहीतरी पसरून धरलं. उजव्या हाताची चिमूट त्यावरून फिरली. मग दोन्ही हातांची बोटं एकत्र येऊन वळली, तर्जनीच्या नखाने टोक आत दाबलं, आणि हवेतच दोऱ्याचे दोन वेढे पडले. क्षणभर तिला काही सुचेना. मग ती ओरडलीच:

"वहिनी, इकडं या! अव्वा विड्या वळायली!"

वहिनी दारात आल्या. "हो, वळायच्या की तरुणपणी. आमच्या ह्यांना त्यावरच तर वाढवलं. पण त्याला साठ वर्षं झाली."

घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणालाही दिसलं नव्हतं. दिसलं ते विडी वळणाऱ्या बाईलाच. ज्या कामाने तिला खोकला दिला, जे सोडून ती पळाली होती, त्याच कामाने तिला त्या बंद दाराची कडी दाखवली. या गोष्टीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. म्हाताऱ्या माणसाजवळ जाताना आपण मन स्वच्छ, रिकामं करून जावं असं म्हणतात. ती तशी गेली असती, तर तिला तिथे फक्त थरथरणारे हात दिसले असते.

दुसऱ्या दिवशी तिने सूप आणलं. कापून मऊ केलेली तेंदूची पानं, एक दोऱ्याचं रीळ. तंबाखू नाही. सिस्टरांनी फोनवर बजावलं होतं, अशी माणसं हाती येईल ते तोंडात घालतात, तेव्हा जवळून हलायचं नाही. अव्वाला उशांच्या आधाराने बसतं केलं, सूप मांडीवर ठेवलं. अव्वाने पान उचललं, नाकाशी नेलं, उलटसुलट करून पाहिलं. पहिली विडी सुटली. दुसरीही. तिसरी जमली. समोर बसून तीही वळायला लागली. थोड्या वेळाने अव्वाने हात पुढे केला, तिने वळलेली एक विडी उचलली, चिमटीत दाबून पाहिली आणि बाजूला टाकून दिली. सैल होती.

बाजूला टाकताना अव्वाच्या चेहऱ्यावर जो रुबाब आला, तो वहिनींनी लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी पाहिला होता. त्यानंतर आत्ता.

दिवेलागण झाली. "वच्चिंडा?" प्रश्न आलाच. तिने वसाहतीतल्या शेजारणींकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं, भोंगा अजून व्हायचाय, तोवर हा कट्टा पुरा कर. अव्वाने मान हलवली आणि पुढचं पान घेतलं. त्या रात्री हंबरडा नव्हता.

वहिनींना ते खुपलं. "म्हणजे खोटंच बोलायचं का त्यांच्याशी?"

"ते येणारेत असं मी कुठं म्हटलं, वहिनी? भोंगा व्हायचाय एवढंच म्हटलं."

आणि तो तर खरंच व्हायचा होता. बंद मिलचा भोंगा कायमच व्हायचा असतो. ज्याचं स्मरण गेलं आहे त्याला ओढून आपल्या सालात आणण्याचा अट्टहास आपण सत्याच्या नावाखाली करतो. त्यापेक्षा त्याच्या सालात जाऊन जरा वेळ बसणं जास्त खरं आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुढे वर्षभराहून अधिक काळ अव्वा जगली. जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली असताना, झोपेत गेली. शेवटची आंघोळ घालायला आलेल्या भावकीतल्या बायका चकित झाल्या. इतके महिने अंथरुणावर पडलेल्या म्हातारीची पाठ कोरी होती.

गोष्ट इथे संपली असती. पण पाठ कोरी राहिल्याचं कौतुक स्मशानापर्यंत टिकतं, पुढे नाही. वसाहतीत तिच्यामागे कुजबुज होतीच, म्हाताऱ्यांची घाण काढते म्हणून. थोरलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली तेव्हा नणंदेने साफ सांगितलं, हे काम आधी सोड. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायचं काम मिळत होतं. दिवसाची पाळी, बसून काम, हात स्वच्छ. तिने ते धरलं. कामात काही वावगं नव्हतं. फक्त रात्री दर दोन तासांनी जाग यायची आणि अंथरुणात हात चाचपडत राहायचा.

एका रविवारी सिस्टरांनी तिला सिद्धेश्वराला बोलावलं. दर्शन झालं, दोघी तळ्याकाठी बसल्या. सिस्टरांनी तिला तळ्याचीच कथा सांगितली. सोलापुरात ती प्रत्येकाला ठाऊक असते, तरी सिस्टरांची सांगायची तऱ्हा निराळी होती. बाराव्या शतकातली गोष्ट. हे गाव तेव्हा सोन्नलिगे. सिद्धराम नावाचा गुराखी पोरगा रानात असताना एक जंगम आला, भूक लागली म्हणाला. पोराने हुरडा दिला. जंगमाने खाल्ला, म्हणाला, पोटात आग पडलीय, दहीभात पाहिजे.

"आता बघ," सिस्टर म्हणाल्या, "हातात होतं ते त्याने दिलंच होतं. तुला-मला पुरेसं वाटलं असतं. तो धावत घरी गेला दहीभात आणायला."

परत आला तर जंगम नाही. तो मल्लिकार्जुन होता म्हणतात. पोरगा मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारत थेट श्रीशैलाला पोचला, कड्यावरून उडी टाकायला निघाला. तिथे देव भेटला, आणि देवाने त्याला ठेवून घेतलं नाही. सोन्नलिगेला परत जा म्हणाला. मग सिद्धराम परतला, लोकांना जमवून हे तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. तेराव्या शतकाच्या सुमारास कन्नड कवी राघवांकाने त्याचं चरित्र काव्यात लिहिलं.

तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "सिस्टर, दहीभात पाहिजे हे त्या जंगमाने सांगितलं तरी. आपली माणसं सांगू शकत नाहीत."

"म्हणून तर तू पाहिजेस."

सोमवारी ती टॉवेलच्या कारखान्यात गेली, महिनाअखेरपर्यंतचं काम पुरं केलं, आणि हिशेब घेतला. नणंद वर्षभर बोलली नाही. सोयरीक जमली ती दुसरीकडे, आणि बरी जमली.

त्यानंतरच्या वर्षांत तिने किती घरं केली त्याची मोजदाद इथे करत नाही. एक निवृत्त एसटी कंडक्टर रात्री उठून कमरेपाशी चाचपडत बसायचे. तिने त्यांच्या खांद्याला एक चामडी पिशवी अडकवली आणि ते शांत झोपू लागले. एक शाळामास्तरीण बाई आंघोळीला जाताना अंगावर धावून यायच्या, पण "बाई, येऊ का आत?" असं दारातून विचारलं की स्वतःच "ये" म्हणायच्या. प्रत्येक वेळी असं काही सापडलंच असं नाही. एका आजोबांनी तिला शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नाही. शिव्या दिल्या, मनगट पिरगाळलं. तिथे तिने पुरुष अटेंडंट लावा म्हणून सांगितलं आणि त्याला कूस द्यायला शिकवून मगच ती निघाली.

पगाराच्या बाबतीत ती पक्की. मन लागलं म्हणून मजुरी कमी घ्यावी, हा हिशेब तिला कधी पटला नाही, मलाही पटत नाही. रात्रभर दोन-दोन तासांनी उठायचं तर दिवसा झोप मिळाली पाहिजे, आठवड्याची सुटी मिळाली पाहिजे, हे ती पहिल्याच भेटीत सांगते. काही घरं दार लावून घेतात. ज्यांना खरंच माणूस पाहिजे असतं ती ठेवून घेतात.

वसाहतीत मात्र तिचा वेगळा कायदा चालतो. तिथे विडी वळून म्हाताऱ्या झालेल्या बायका आहेत, बोटं वाकलेल्या, खोकल्याने बेजार. कुणाला भविष्य निधीची पेन्शन, जिची किमान रक्कम 2014 पासून हजारावर थांबली आहे. कुणाला श्रावणबाळ योजनेचे दीड हजार. त्यात बाई लावणं शक्य नाही. सकाळी कामावरून परतताना ती दोन घरी डोकावते, पाठ बघते, बोट दाबून बघते, सुनांना लुगड्याची चौपदरी घडी घालायला शिकवते. त्यातूनच दोन-चार मुली तिच्या मागे लागल्या. त्यांना ती स्वतःच्या खाटेवर झोपवते आणि एकमेकींना उचलायला लावते, म्हणजे ओढल्यावर कसं लागतं ते अंगाला कळतं. "पदर नाकाला लावायचा नाही," ती बजावते. "मास्क लावा. मास्क डॉक्टरसुद्धा लावतात. पदर लावला की त्यांना कळतं."

परवा तिला एका मुलाचा फोन आला, रेल्वे लाइन्सकडून. आवाज तरुण, घाईत.

"उद्यापासून येता का, मावशी? आजोबा आहेत, नव्वदीचे. कुणालाच हात लावू देत नाहीत. दोन बायका सोडून गेल्या."

"काय करायचे ते?"

"काही नाही, झोपूनच असतात."

"आत्ताचं नाही, बाळा. हातपाय चालत होते तेव्हा."

पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. मग तो म्हणाला, "थांबा हं, आजीला विचारतो."